लखलखाटाची वंशावळ

नाताळच्या सजावटीत गेल्या काही वर्षांत एक नवी टूम निघाली आहे. झाड हिरवे असलेच पाहिजे असे नाही. रुपेरी, पांढरे, अगदी गुलाबीही चालते. फांद्यांवर आरशाचे बारीक चौकोनी तुकडे चिकटवलेले लहानमोठे गोळे, जांभळ्या आणि चंदेरी झिरमिळ्या, ग्रामोफोनच्या तबकडीच्या किंवा रोलर स्केटच्या आकाराची शोभेची खेळणी आणि शेंड्यावर ताऱ्याच्या जागी एक भलामोठा आरशांचा गोळा. याला ‘रेट्रो डिस्को ट्री’ म्हणतात, म्हणजे 1970 च्या दशकातल्या नाचघराची आठवण करून देणारे नाताळचे झाड. ते पाहून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. कुठे गोठ्यात जन्मलेले बाळ आणि कुठे न्यूयॉर्कचे नाचघर, असा त्यांचा सूर असतो. परंपरेत उपरे काहीतरी घुसवले, ही त्यांची मुख्य तक्रार. या झाडाचा इतिहास तपासला तर मात्र ही तक्रार टिकत नाही. आरशांचा गोळा या झाडावर उपरा नाही. तो त्याच घराण्यातला, जरा उशिरा जन्मलेला वंशज आहे. या नव्या सजावटीत परंपरेशी फारकत घेणारे काही असेलच, तर ते डिस्कोत सापडत नाही, दुसरीकडे शोधावे लागते.

सुरुवात जुन्या नोंदींपासून करू. बाल्टिक किनाऱ्यावरच्या रिगा शहरात 1510 साली ‘ब्लॅकहेड्स’ या अविवाहित व्यापाऱ्यांच्या संघाने एक झाड बाजारचौकात नेले, त्याच्याभोवती नाच केला आणि शेवटी ते जाळून टाकले, असे सांगितले जाते. त्याला आजच्या अर्थाने ख्रिसमस ट्री म्हणावे का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण हिवाळ्यातल्या सणात झाड आणि नाच एकत्र येणे ही विसाव्या शतकाची कल्पना नव्हे, एवढे तरी त्यावरून दिसते. स्ट्रासबुर्गमधल्या 1605 च्या सुमाराच्या एका प्रवासवर्णनात घराघरांत उभ्या केलेल्या फरच्या झाडांचे वर्णन येते. त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ पोळीसारखे वेफर, साखरेची मिठाई आणि सोनेरी बेगड टांगलेले असे. सजवलेल्या झाडाच्या अगदी सुरुवातीच्या वर्णनांपैकी हे एक, आणि त्यातही चकाकणारी बेगड आहेच. आक्षेपही तितकाच जुना. त्याच शतकात स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलचे धर्मोपदेशक योहान कोनराड डानहाउअर यांनी बाहुल्या आणि मिठाई लटकवलेल्या या झाडाला क्षुल्लक थेर ठरवून फटकारले होते. म्हणजे ज्या ‘पवित्र परंपरे’च्या नावाने आज डिस्कोला नावे ठेवली जातात, ती परंपराच तिच्या बालपणी धर्मोपदेशकाला चंगळ वाटत होती.

झाडाच्या लखलखाटाचा खरा कारखाना उभा राहिला तो जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात, डोंगरातल्या लाउशा गावात. हान्स ग्राइनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी 1597 मध्ये तिथे काचेची भट्टी घातली. पुढची अडीचशे वर्षे गावाने पेले, मणी, बाहुल्यांचे डोळे असे बरेच काही बनवले. नाताळच्या काचेच्या गोळ्यांची मागणी नोंदवलेली सापडते ती 1848 च्या सुमारास. 1867 मध्ये गावात गॅस आला आणि कारागिराच्या हाती तापमान नेमके राखता येणारी ज्योत आली. मग मोठा, पातळ भिंतीचा गोळा फुंकणे सोपे झाले. एक गोळा कसा होई ते जवळून पाहण्यासारखे आहे. काचेच्या नळीचे टोक ज्योतीवर फिरवत मऊ करायचे, दुसऱ्या टोकातून फुंकर घालून ते फुगवायचे. गोळा थंड झाला की त्याच्या नळीसारख्या मानेतून सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि साखर यांचे द्रावण आत घालायचे आणि गोळा कोमट पाण्यात धरून हलवत राहायचे. आतले पाणी आधी गढूळ, मग काळपट होते आणि एकाएकी काचेच्या आतल्या बाजूला चांदीचा पापुद्रा धरून आरसा तयार होतो. काचेवर चांदी बसवण्याची ही रीत रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फॉन लीबिग यांच्या संशोधनातून आली. त्याआधी यासाठी शिसे, पारा असले घातक पदार्थ वापरत. शेवटी गोळा धुऊन, वाळवून रंगीत लाखेत बुडवायचा, मान कापायची आणि वर पत्र्याची टोपी बसवायची.

म्हणजे एकोणिसाव्या शतकातला ‘पारंपरिक’ नाताळी गोळा हा मुळात एक आरसाच होता, फक्त बहिर्गोल. त्याचे कामही आरशाचेच. झाडावर मेणबत्त्या मोजक्याच लावता येत, आग लागायची भीती असल्याने त्या थोडाच वेळ पेटत्या ठेवत आणि बाजूला पाण्याची बादली भरून ठेवत. अशा तुटपुंज्या उजेडात प्रत्येक गोळा सगळ्या मेणबत्त्यांचे एकेक बारीक प्रतिबिंब पकडी. दहा मेणबत्त्या आणि तीस गोळे असले की पाहणाऱ्याला शेकडो ठिणग्या दिसत. ज्योती हलत, तसे ते ठिपकेही थरथरत. आता नाचघरातला गोळा पाहा. त्यावरचे आरसे सपाट असतात आणि एकाच दिव्याचा झोत त्यांच्यावर पडून शेकडो कवडशांत फुटतो; गोळा फिरला की कवडसे भिंतींवरून धावू लागतात. उपाय वेगळे, पण हेतू एकच: थोडक्या उजेडातून पुष्कळ उजेड काढायचा आणि त्याला हलते ठेवायचे. असा गोळा डिस्कोने जन्माला घातला नाही. अमेरिकेतल्या वीज कामगारांच्या एका समारंभात तो लावल्याची नोंद 1897 ची आहे. सिनसिनाटीच्या लुई बर्नार्ड वोस्टे यांना त्याचे पेटंट मिळाले 1917 मध्ये, आणि 1920 च्या दशकात त्यांची कंपनी बाराशेवर आरसे लावलेला 27 इंची गोळा नाचघरांना विकत होती. डिस्कोच्या वाट्याला आला तेव्हा तो अर्ध्या शतकाहून जुना होता.

कोणी म्हणेल, साम्य आहे खरे, पण झाड स्थिर असते आणि नाचघर फिरते. शांतता आणि गोंगाट यांत फरक आहेच. इतिहास इथेही आडवा येतो. विजेच्या दिव्यांनी सजलेले पहिले झाड म्हणून जे ओळखले जाते ते डिसेंबर 1882 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी उभे होते. जॉन्सन हे एडिसन यांचे सहकारी. त्यांनी झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे 80 दिवे हाताने तारा जोडून लावले होते. पण गंमत पुढेच आहे: ते झाड विजेच्या जोरावर सावकाश गोल फिरत होते आणि फिरता फिरता दिव्यांचे एकेक गट ठराविक अंतराने विझत आणि पेटत होते. फिरणे, रंग, उघडझाप असा डिस्कोच्या प्रकाशयोजनेचा सगळा सरंजाम विजेच्या पहिल्याच नाताळी झाडावर हजर होता, डिस्कोच्या नव्वदेक वर्षे आधी. पुढे 1959 पासून विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक गावच्या ॲल्युमिनियम स्पेशॅल्टी कंपनीने ‘एव्हरग्लीम’ नावाची ॲल्युमिनियमची रुपेरी झाडे बाजारात आणली आणि 1960 च्या दशकात अशी दहा लाखांहून अधिक झाडे खपली. धातूच्या फांद्यांवर विजेच्या माळा सोडल्या तर शॉक बसायचा धोका. म्हणून झाडापासून दूर जमिनीवर एक दिवा ठेवून त्यापुढे लाल, निळी, हिरवी, पिवळी अशी रंगीत चकती मोटरने फिरती ठेवत. आपल्याकडे गणपतीच्या आराशीत जिलेटिन कागदाची चकती दिव्यापुढे फिरत असे, तसाच हा प्रकार. बाहेरचा एक झोत, चकाकणारा पृष्ठभाग आणि फिरते रंग हे सूत्र डिस्कोच्या आधीच मध्यमवर्गीय अमेरिकी दिवाणखान्यात रुळलेले होते.

आता दुसऱ्या बाजूने, नाचघरातून झाडाकडे पाहू. डेव्हिड मॅन्कुसो यांनी 14 फेब्रुवारी 1970 रोजी न्यूयॉर्कमध्ये आपल्या राहत्या गाळ्यात जी पहिली मेजवानी दिली, तिच्यापासून डिस्कोची कहाणी सुरू होते असे बरेच अभ्यासक मानतात. ‘द लॉफ्ट’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या त्या जागेत रंगीत फुगे होते आणि छताला आरशांचा गोळा. मांडणी लहान मुलाच्या वाढदिवसासारखी. म्हणजे डिस्कोच्या मुळाशीच घरगुती सणाचे वातावरण होते. पुढे ही लाट मोठी झाली तशी ती नाताळपर्यंतही आपणहून पोहोचली. सॅलसोल ऑर्केस्ट्राने ‘ख्रिसमस जॉलीज’ ही नाताळगीतांची डिस्को तबकडी काढली 1976 मध्ये. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा चित्रपट अमेरिकेत झळकला तोही डिसेंबरमध्येच, 1977 साली. आणि 1978 च्या नाताळात ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत अव्वल होते ते बोनी एम. या चमूचे ‘मेरीज बॉय चाइल्ड’, येशूच्या जन्माचेच गाणे, डिस्कोच्या ठेक्यावर. बोनी एम.चे निर्माते फ्रँक फॅरियन पश्चिम जर्मनीतले. झाडही जर्मनीतून जगभर गेले आणि हे गाणेही. मुंबईत वांद्र्याला किंवा गोव्यात डिसेंबर लागला की ते गाणे अजूनही कानावर पडते आणि ते ऐकताना कोणाला परंपरा बुडाल्यासारखे वाटत नाही. गाणे चालते तर गोळा का चालू नये, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायला हवे.

त्यांचे सर्वांत वजनदार उत्तर असे असू शकते: साधेपणा हा नाताळचा गाभा आहे, म्हणून झाडही साधे, हिरवे, नैसर्गिक असावे. ही भावना खरी आहे. पण ती नेमकी केव्हा जोर धरते ते पाहावे. 9 डिसेंबर 1965 रोजी अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ हा कार्टूनपट दाखवला गेला. त्यात चकचकीत ॲल्युमिनियमच्या झाडांकडे पाठ फिरवून चार्ली एक मरतुकडे खरे झाड निवडतो. त्यानंतर काही वर्षांतच ॲल्युमिनियमची झाडे खपेनाशी झाली. साधे झाड हे पुरातन मूल्य म्हणून आले नव्हते. रुपेरी झाडाच्या लाटेवरची ती प्रतिक्रिया होती आणि ती पसरली दूरचित्रवाणीसारख्या अगदी नव्या माध्यमातून. साधेपणाचीही फॅशन येते आणि जाते. शिवाय ज्याला आपण साधा जुना काचेचा गोळा म्हणतो तो 1939 पासून अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या अशा यंत्रावर निघू लागला, जे मुळात विजेच्या बल्बसाठी काच फुंकायला बनवले होते. बल्बचे यंत्र नाताळचा गोळा घडवते यावर कोणी हरकत घेतल्याचे आढळत नाही. झाडाने आपल्या काळातली सर्वांत नवी चकाकी नेहमीच उचलली: कधी बेगड, कधी चांदीचा मुलामा, कधी ॲल्युमिनियम, कधी प्लॅस्टिकची चमकी.

दुसरा आक्षेप इतिहासाचा अभ्यासकच घेईल आणि तो अधिक बोचरा आहे. 1970 च्या दशकात घरोघरची झाडे अशी नव्हतीच, मग हे ‘रेट्रो’ कसले? आक्षेप खरा आहे. त्या दशकात अमेरिकेत रुपेरी झाडे अडगळीत गेली होती आणि रेशमी धागा गुंडाळलेले थर्मोकोलचे मंद चमकीचे गोळे फांद्यांवर आले होते. शिशाच्या झिरमिळ्या लहान मुलांना धोकादायक म्हणून 1972 पासून तिथे बंद झाल्या. सार्वजनिक झाडांची स्थिती तर आणखी उदास. 1973 च्या तेलटंचाईत वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय नाताळ झाडावर दिव्यांच्या माळा सोडल्याच नाहीत. खालून झोत टाकून ते उजळले. 1979 मध्ये इराणमधल्या अमेरिकी ओलिसांसाठी त्या झाडाच्या केवळ शेंड्यावरचा दिवा लावला, बाकी झाड काळोखात राहिले. म्हणजे डिस्कोच्या ऐन भरात देशाचे झाड अंधारात उभे होते. तेव्हा आजचे डिस्को ट्री हे त्या काळच्या घराची नक्कल नव्हे, त्या काळच्या नाचघराची घरात आणलेली कल्पना आहे. पण स्मृती अशी जुळवून घेणे हा या झाडाचा जुनाच स्वभाव. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने 1848 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या झाडाचे चित्र छापले आणि ब्रिटनमधल्या मध्यमवर्गात झाडाची चाल झपाट्याने पसरली, दोन पिढ्यांत तेच झाड इंग्रजांना आपल्या आजोबा-पणजोबांचे वाटू लागले. ज्या आठवणीवर आपण परंपरेचा शिक्का मारतो तीही कोणीतरी, केव्हातरी रचलेली असते.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही, हे मान्य केले पाहिजे. डिस्को ही केवळ चमकी नव्हती. न्यूयॉर्कमधले कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुण, ज्यांना इतरत्र मोकळेपणी नाचायलाही जागा नव्हती, त्यांनी ती उभी केली. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग सुरुंगाने उडवला गेला आणि जमाव मैदानात घुसला, तेव्हा त्या रागात संगीताच्या नावडीपलीकडचे बरेच काही होते असे अनेकांचे म्हणणे आहे. हे सगळे पुसून उरलेला आरशांचा गोळा फांदीला टांगणे म्हणजे माणसे वगळून त्यांची रोषणाई ठेवणे होय. हा दोष खरा, पण तो एकट्या डिस्को ट्रीचा नाही. लाउशातल्या घरगुती कारखान्यात पुरुष गोळा फुंकत, बायका चांदीचा मुलामा चढवत, मुले टोप्या बसवत. आणि बायकाच भरलेले उंच करंडे पाठीवर घेऊन डोंगर उतरत आणि सोनेबेर्गच्या अडत्यांना माल पोहोचवत. अमेरिकी व्यापारी एफ. डब्ल्यू. वूलवर्थ यांनी 1880 मध्ये असा माल प्रथम नाखुशीने घेतला, तो हातोहात खपला आणि पुढे त्यांच्या दुकानसाखळीने त्यावर अमाप पैसा केला. दुकानाचे नाव राहिले, करंडे वाहणाऱ्या बाया विस्मरणात गेल्या. आज थर्मोकोलच्या गोळ्यावर आरशाचे तुकडे चिकटवणारे हात बहुधा चीनमधल्या यिवू शहराच्या आसपासचे असतात. जगाच्या नाताळी सजावटीचा फार मोठा वाटा तिथून जातो. त्या हातांचीही कोणी नोंद ठेवत नाही. करणाऱ्याला झाकणे हा लखलखाटाचा जुना अवगुण आहे. डिस्को ट्रीने तो वारशाने घेतला.

मग या सजावटीत नवे, खटकणारे असे काय उरते? माझ्या मते ‘थीम’ ही गोष्ट. जॅकलिन केनेडी यांनी 1961 मध्ये व्हाइट हाउसच्या झाडाला ‘नटक्रॅकर’ या बॅलेची थीम दिली आणि दर वर्षी नवी थीम ठरवण्याचा तिथला पायंडा पडला. दुकानांच्या दर्शनी काचांतही हेच चालते. सरकारी वास्तूला आणि दुकानाला ते शोभते, कारण तिथे झाड हे प्रदर्शन असते. घरातले झाड मात्र आजवर साठत आले होते. आजीच्या वेळचा टवका उडालेला काचेचा गोळा, युद्धाच्या काळात चांदीचा मुलामा मिळेना म्हणून पारदर्शकच राहिलेला आणि कागदी टोपी घातलेला गोळा, पोराने शाळेत केलेला पुठ्ठ्याचा तारा, हे सगळे एकाच फांदीवर नांदत. रंग जुळतात की नाही हे कोणी पाहत नसे. थीमच्या झाडाला असा बेमेळ चालत नाही. ते एकाच खरेदीत पुरे होते आणि पुढच्या वर्षी नवी थीम आली की एकाच फेरीत टाकूनही दिले जाते. परंपरा तुटते ती इथे, आणि हा तुटण्याचा दोष जांभळ्या-रुपेरी झाडाला जितका लागू होतो तितकाच खादीच्या रंगातल्या ‘नैसर्गिक’ थीमच्या झाडालाही. म्हणून डिस्को ट्रीची पारख करायची तर कसोटी सोपी आहे: जानेवारीत आवराआवर करताना आरशांचा तो गोळा काचेच्या जुन्या गोळ्यांच्या खोक्यात जातो की कचऱ्यात. तो खोक्यात गेला आणि तीस वर्षांनी कोणत्याही थीमशी न जुळणाऱ्या फांदीवर पुन्हा लागला, तर लाउशाच्या गोळ्याइतकाच तोही पारंपरिक ठरेल. या झाडावर आजवर जे जे पारंपरिक झाले, ते याच वाटेने झाले.